रुपयाखालचा पंख

कालपासून मागच्या गल्लीत मांडव घातलाय. बेंजोवाले भर दुपारी उन्हातच वाजवून बघतायत आणि माझं मन कशात म्हणून लागत नाय. भाकरी टाकली की करपते. आरूला न्हाऊ घालायला बसते आणि साबण कुठं ठेवला तेच आठवत नाय. मागच्या वर्षी पण असंच ऊन होतं. खाडीवरून असाच खारट गरम वारा यायचा. आमची घणसोली गावातली गल्ली एवढी की एक बाई आणि तिची बादली, बस, तिसरं काय मावत नाय. तिथं पण लोकांनी लाइटच्या माळा सोडल्या होत्या. ह्यांच्या शर्टाला पेंढ्याचा आणि हापूसचा वास. पोरं नवीन कपडे घालून धुळीत लोळतायत. आगरी लोकांची हळद म्हणजे अख्खं गाव पिवळं.

मला आधी लग्नसराई आवडायची. आता बेंजो ऐकला की मी खिडकी लावून घेते, आणि हे सगळं एका रुपयामुळं. एका खऱ्या, खिशातल्या रुपयामुळं.

आधी आमचं सांगते, नायतर मी घाईत काहीच्या काही बोलत सुटते. मी पाटणच्या डोंगरातली. नववीनंतर शाळा सुटली, मग लग्न, मग इथं. हे वाशीच्या मार्केटात माथाडी आहेत, आंब्याच्या गाळ्यावर. घरात हे, मी, सासूबाई आणि आरू. आरू तेव्हा अकरा महिन्यांची होती, दिसेल ते तोंडात घालायची, आणि मला चोवीस तास वाटायचं की ही काहीतरी गिळणार आणि माझ्या नावानं सगळे बोंबलणार. भीती माझ्या अंगातच आहे. दार वाजलं तरी मला वाटतं माझंच काहीतरी चुकलंय.

खाली घरमालकिणीचं दुकान आहे, भारतीकाकूचं. दूध, बिस्कीट, कांदे, साबण. दुपारी काकू झोपायची आणि मी आरूला मांडीवर घेऊन गल्ल्यावर बसायची. तिथंच चिल्लरवाले काका भेटले. सानपाड्याला राहायचे, रिटायर माणूस, पायात कायम मोजे. ते दुकानादुकानात फिरून नोटा द्यायचे आणि चिल्लरची पिशवी घ्यायचे. काकू म्हणायची, "यो म्हातारा येडा हाय गो, पन आपल्याला बरा, ब्यांकेत जायला नको."

काका येडे नव्हते. ते चुकलेली नाणी गोळा करायचे. मला पहिल्यांदा कळलंच नाय, नाणं कसं चुकेल? मग त्यांनी दाखवलं. एकाचा छाप अर्धा बाहेर गेलेला. एकाला दोन्हीकडं तेच. ते म्हणायचे, "लाखातलं एखादं असं सुटतं. टांकसाळीत मशीन थांबत नाही ना. बघणारा पाहिजे." आणि मला शिकवलं, नाणं सरळ बघायचं नाय, तिरकं धरायचं, उजेड बाजूनं पडला पाहिजे. मला तो नादच लागला. गिऱ्हाइकानं रुपया दिला की मी आधी तिरका धरून बघायची. एकदा एक बाई भडकली, "खोटा वाटला का गं तुला? आमी काय चोर आहे का?"

आणि एक दिवस मला तो मिळाला.

दिसायला साधा रुपया. पण तिरका धरला तर १ ह्या आकड्याच्या मागून एक पंख निघत होता. पाखराचा, पसरलेला, बारीक बारीक रेघांचा. आणि कडेला उलटी अक्षरं, आपली नाय, इंग्लिश पण नाय वाटत. मी गल्ल्यात माझ्याकडचा रुपया टाकला आणि हा पदराला बांधला. काका रविवारी आले, त्यांनी भिंग लावलं आणि परत परत फिरवून बघितलं. मला वाटलं मी काय गुन्हा केला का. मग हळूच म्हणाले, "पोरी, हे आधी दुसऱ्या कुठल्या तरी देशाचं नाणं होतं. पूर्ण तयार झालेलं. चुकून आपल्या कोऱ्या चकत्यांत पडलं आणि त्याच्यावर आपला रुपया छापला गेला. जोरात छापला तरी खालचं सगळं पुसलं जात नाही, बघ."

मी विचारलं, "मग ते आता कुणाचं?"

काका हसले. "चालतं आपल्याकडं, म्हणजे आपलं. पण घेणारा ते खालच्यासाठी घेतो."

त्यांनी मला बजावलं, मोबाईलवर जुन्या नाण्याचे लाखो देतो म्हणणारे असतात त्यांना चुकून पण फोन करू नको, ते आधी तुझ्याकडूनच पैसे काढतील. आमच्या बाजूच्या खोलीतली अशीच फसली होती. काका म्हणाले, दोन महिन्यांनी प्रदर्शन आहे, मी नेतो, नीट माणसाला देतो. लाख नाय मिळणार. पण तुझं ते काम होईल.

ते काम म्हणजे दहावी. काकांना मीच बोलून बसले होते. सतरा नंबरचा फॉर्म भरला की शाळेत न जाता दहावीला बसता येतं, पण फॉर्मचे पैसे, पुस्तकं, क्लास, हे सगळं कुणाला मागायचं? लग्न झालं त्या वर्षी एकदा घरात विषय काढलेला. सासूबाई म्हणाल्या, "आता काय करायचं हाय शिकून? पोरं झाली की त्यांला शिकीव." ह्यांनी काय म्हटलं नाय. हे काय म्हणत नाहीत तेव्हा मला जास्त भीती वाटते. मी परत विषय काढला नाय.

मग रुपया लपवायचा कुठं? डब्यात ठेवला तर सासूबाई भाजीला नेतील. साडीत ठेवला तर आरू ओढणार, गिळणार. मी लय विचार केला आणि मला वाटलं मी लय हुशार. माझ्या लग्नातलं आहेराचं एक रिकामं पाकीट ट्रंकेत पडलं होतं, गुलाबी, वर गणपती, कोपऱ्याला हळदीचा डाग. त्याच्यावरचा रुपया कधीच निघालेला, नुसती गोल जागा राहिलेली. मी तिथं माझा रुपया डिंकानं चिकटवला, पंख आतल्या बाजूला. म्हटलं, आहेराच्या पाकिटावरच्या रुपयाकडं कोण बघतं? रुपयानं रुपयासारखंच राहावं. कुणाच्या बापाला कळणार नाय.

आपल्यात आहेर पाचशे नसतो, पाचशे एक असतो. तो वरचा एक नसला तर देणारा पण हलका आणि घेणारा पण. हे मला माहीत होतं, जन्मापासून माहीत होतं. तरी मला सुचलं नाय की मी रुपया कुठं ठेवतेय.

भारतीकाकूच्या भावाच्या मुलाचं लग्न बोनकोड्याला होतं. त्या दिवशी सकाळपासून पळापळ. पाणी उशिरा आलं, आरूला जुलाब, माझी साडी नेसून होत नव्हती, पिन सापडत नव्हती, हे खालून ओरडतायत, रिक्षा थांबलीय. आमी पोचलो तर अक्षता पडून गेल्या होत्या. स्टेजसमोर ही मोठी लाइन. डीजेचा आवाज असा की माझ्या बरगड्या वाजत होत्या. आरू खांद्यावर रडतेय, ते पण ऐकू येत नव्हतं, नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं. आणि ह्यांनी खिशातून पाकीट काढलं.

गुलाबी. कोपऱ्याला हळद.

मी ह्यांची बाही ओढली. "अहो, पाकीट!"

"काय?"

"पाकीट कुठनं घेतलं?"

"ट्रंकेतनं. रुपया लावलेलाच होता, बरं झालं." आणि पुढं होऊन दिलं नवरदेवाच्या हातात. त्यानं मागच्या माणसाला दिलं. त्यानं पिशवीत टाकलं. झालं. फोटोवाला म्हणाला, वहिनी, स्माईल. तो फोटो काकूकडं आहे. त्यात मी अशी दिसते की कुणीतरी मेलंय.

जेवण काय जेवले आठवत नाय. आठवतं ते एवढंच की नवरी मुलगी स्टेजवर बसली होती आणि तिच्यापुढं तांदळाचं ताट, आणि नवरा अंगठीनं तांदळात तिचं नवीन नाव लिहीत होता, आणि सगळे वाकून बघत होते. माझं पण असंच झालेलं. मी सारिका गेले मांडवात आणि श्रावणी होऊन निघाले. मला तेव्हा वाईट नव्हतं वाटलं, खोटं कशाला बोलू. उलट मजा वाटली होती. नवीन साडी, नवीन नाव. आरूला लस द्यायला गेले तेव्हा नर्सनं विचारलं आईचं नाव, मी पटकन श्रावणी म्हटलं. आता सारिका म्हणून कुणी हाक मारली तर मी मागं वळून बघेन का, मला माहीत नाय.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी सत्यनारायण होता. भारतीकाकू मदतीला चालली होती. मी म्हटलं मी पण येते. सासूबाई म्हणाल्या, "तुला काय पडलंय तिथं?" तरी निघालेच, मग त्या पण आल्या, कारण मी कुठं एकटी जाते आणि का, हे त्यांना बघायचं असतं.

बोनकोड्याच्या त्या घरात बायका जमिनीवर बसून पाकिटं फोडत होत्या. नोटा एकीकडं, आणि रुपये सोलून एका पितळी वाटीत. मी वाटीकडं सरकले तेवढ्यात नवरदेवाच्या आईनं वाटी उचलली. "हे रुपये पूजेला घेवा, विड्यावर ठेवायला. आहेराचा रुपया देवाला गेलेला बरा." आणि भटजींच्या पुढं ठेवली.

मी स्वयंपाकघराच्या दारात शिऱ्याचं पातेलं धरून उभी. चौरंग, चार बाजूंना केळीचे खुंट, पुढं विड्याची पानं मांडलेली, प्रत्येक पानावर सुपारी आणि रुपया. भटजी एकेक रुपया वाटीतून काढतायत, पुसतायत, ठेवतायत. दुसऱ्या पानावर ठेवला तो मी बघितला. खिडकीतून ऊन तिरकं येत होतं. माझा पंख.

पूजा चालू झाली. भटजींनी नवरीला नाव विचारलं. ती म्हणाली, "प्रणाली."

बायका खो खो हसायला लागल्या. "आगो, कालच बदललाय ना! आर्या बोल, आर्या!" ती पोर लाल झाली. भटजी म्हणाले, "असू दे हो, देवाला दोन्ही माहीत आहेत. पळी धरा."

पाच अध्याय मी कसे काढले ते मलाच माहीत. मुठीत दुसरा रुपया धरून बसले होते, घामानं ओला झालेला. ठरवलं होतं, आरती झाली की सगळे पाया पडायला जातात, वाकायचं, हळूच बदलायचा. रुपयाला रुपया. देवाचं काय कमी होणार नाय. पण देवापुढचं उचलायचं म्हणजे काय लहान गोष्ट आहे?

आरती झाली. मी गेले, वाकले, बोटं रुपयावर ठेवली. आणि कडेवरच्या आरूनं केळीचा खुंट धरून ओढला. अख्खा खुंट भटजींच्या डोक्यावर. सगळी माणसं वळून बघतायत आणि माझा हात तिथंच.

"काय गो," भारतीकाकूचा आवाज, "देवाचा रुपया उचलतंस?"

मग मी काय बोलले ते मला ओळीनं सांगता येणार नाय. एका दमात सगळं बाहेर पडलं, की हा माझा आहे, पाकिटावर मीच चिकटवला, ह्यांनी चुकून दिला, ह्याच्या खाली दुसऱ्या देशाचं पाखरू आहे, मी चोर नाय, मला दहावीचा फॉर्म भरायचाय. हे शेवटचं म्हणायचं नव्हतं. ते पण बाहेर पडलं. सासूबाई समोरच बसल्या होत्या.

भटजींनी खुंट बाजूला केला, रुपया उचलून डोळ्यांजवळ धरला. "मला तर रुपयाच दिसतोय."

"तिरका धरा," मी म्हटलं. खिडकीकडं बोट दाखवलं.

ती नवरी पुढं वाकली आणि तिलाच पहिल्यांदा दिसलं. "हा काय पंख! आई, बघा ना!" मग सगळ्यांनी बघितला. एक म्हातारा म्हणाला, लक्ष्मी आपल्या पायानं घरात आलीय, सोडू नका. नवरदेवाची आई म्हणाली, "आमच्या आहेरात आयला म्हनजे आमचा ना?" भारतीकाकू म्हणाली, "वहिनी, तिचा तोंड तरी बघ गो!" भांडण होणार असं वाटलं. भटजींनी रुपया परत पानावर ठेवला. "उत्तरपूजा उद्या सकाळी. तोवर चौरंगावरचं काही हलायचं नाही. उद्या बघू कुणाचं ते."

रिक्षात सासूबाई तोंड फिरवून बसल्या. कोपरखैरण्याच्या सिग्नलला रिक्षा किती वेळ थांबली होती, मी त्यांच्या पायातली जोडवी बघत बसले. घरी आल्यावर ह्यांना पण कळलं. हे म्हणाले, "मला सांगायचं ना. मी काय वाघ आहे का?" नाहीत हे वाघ. पण मी घाबरते त्याला वाघच लागतो असं नाय ना.

सकाळी उठले तर सासूबाई घरात नव्हत्या. चप्पल नव्हती. मला वाटलं रागावून गावाला गेल्या. आरूला तशीच उचलून खाली पळाले, भारतीकाकूला विचारलं, तिला माहीत नाय. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि मला रडू यायला लागलं. मनात एकच, की ह्यांना मार्केटात फोन करून सांगायचं काय.

दहा वाजता त्या गल्लीतून आल्या, घामाघूम, बोनकोड्याहून चालत. रिक्षाला पैसे कशाला घालवायचे म्हणून. पायरीवर बसल्या, पाणी मागितलं, आणि कनवटीची गाठ सोडून रुपया माझ्या हातावर ठेवला. वर हळदकुंकू तसंच.

"भटजीला म्हणलं, सुनंचा हाय. त्या बाईला म्हणलं, तुमच्या घरात सून आलीय, दुसरीच्या सुनंचं ठिऊन घेऊ नगा. देवाला दुसरा ठिवला." पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "शाळंचा दाखला कुटं हाय तुजा? गावालाच ना?"

मी मान हलवली.

"मग रडतीस कशाला? आणायला सांग तुज्या बापाला."

त्यांनी असं का केलं, मी आजपर्यंत विचारलं नाय. त्या पण सांगत नाहीत. वर्षभर टोमणे मात्र सोडले नाहीत, "झाली का कलेक्टर? मग कांदा चीर."

तो रुपया काकांनी प्रदर्शनात दिला. एका माणसानं लगेच घेतला म्हणे. काकांनी मला त्या देशाचं नाव सांगितलं, समुद्रातलं एक बेट आहे, मला ते नाव अजून नीट म्हणता येत नाय. पुस्तकं आली, फॉर्म भरला. आणि तरी सांगते, मला त्या रुपयाची आठवण येते. कुणाच्या कपाटात असेल, कोण त्याला तिरका धरत असेल. मी अजून गल्ल्यावर प्रत्येक रुपया बघते. अजून तसा दुसरा मिळाला नाय.

परीक्षेचे दिवस तर मला स्वप्नासारखे वाटतात. बिस्किटाच्या खोक्यांवर गणितं सोडवायची. गिऱ्हाईक आलं की अर्धं सोडून साबण द्यायचा, परत येऊन बघते तर आरूनं खोकं चावलेलं. सेंटरवर पंधरा-पंधरा वर्षांच्या मुली मला विचारायच्या, "काकू, तुमची मुलगी कुठल्या वर्गात बसलीय?" पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. दाखल्यावर जे नाव तेच हॉलतिकिटावर. बाईंनी हाक मारली, सारिका. परत मारली. मी बसून राहिले, म्हटलं कोण ही बावळट, ओ का देत नाय. तिसऱ्यांदा बाई माझ्या बाकाजवळ आल्या, माझ्या हॉलतिकिटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना?"

मी उभी राहिले. "हो," म्हटलं, "मीच."

इथपर्यंत लिहून चार दिवसांपूर्वी वही मिटली होती. निकाल लागायचा होता आणि मला बसवत नव्हतं. आज लागला. दुपारी एक वाजता, मी गल्ल्यावर, हे कामावर, सासूबाई आरूला घेऊन पायरीवर. मोबाईलवर पान उघडेना, गोल गोल फिरतंय, गिऱ्हाईक दूध मागतंय, मी त्याला दही दिलं. मग उघडलं. सीट नंबर टाकला. खाली दुसरी चौकट, आईचं नाव टाका.

फॉर्मवर मी आईचं नाव हौसा लिहिलं होतं. पण बोट थांबलं. आईचं लग्न झालं तेव्हा तिचं पण बदललं असेल ना? हे मला तेवीस वर्षांत सुचलं नव्हतं. मी गावाला फोन लावला.

"आई, लग्नाच्या आधी तुझं नाव काय होतं गं?"

"काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. नाव सांग ना."

पलीकडं कोंबड्यांचा आवाज. मग ती हसली, लहान मुलीसारखी. "सुंदरा. सगळी सुंदी म्हणायची. कुनी इचारलंच न्हाय बघ परत."

फोन चालूच ठेवला. चौकटीत हौसा टाकलं, कारण दुसरं चालणार नव्हतं, आणि डोळे मिटून बटण दाबलं. उघडले तर पास. सगळ्यात पास. मी ओरडले असेन, कारण भारतीकाकू झोपेतून उठून आली आणि सासूबाईंनी आरूला छातीशी धरलं.

"आई, पास झाले! गणितात पस्तीस पडले."

"किती पैकी?"

"शंभर पैकी."

आई पलीकडं हिशेब करत असावी. मग म्हणाली, "मग लई झालं की. तुला तर आमी शून्यावरच सोडलं व्हतं."